हरणांची मागची बाजू

भोरला खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मांसमच्छी खातेस का तेही विचारलं नाही. माझ्या खांद्यावरची कापडी पिशवी काढून घेतली, तिच्यातला डबा आणि फायली खाटेवर ओतल्या, पिशवी उलटी केली आणि आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"कुणी शिवली?"

"आईनं."

"आईचं नाव काय?"

मी सांगितलं.

"दुहेरी शिवण घातलीय. घाईची बाई दिसत नाही. ये राहायला."

अशी मला खोली मिळाली. स्वतःचं नाव सांगायचं राहूनच गेलं, आणि पुढे त्याची गरजही पडली नाही, कारण बाई भाडेकरूंना खात्याच्या नावानं हाक मारत. मी कृषी सहायक, म्हणून मी 'शेतकी'. माझ्या आधी त्या खोलीत 'पोस्ट' राहत होतं आणि त्याच्या आधी 'पाटबंधारे'. "पाटबंधारे फार घोरायचे," असं त्या एकदा गंभीरपणे म्हणाल्या होत्या.

बाई गावातल्या एका शाळेत तीस वर्षं शिवणकाम शिकवून निवृत्त झाल्या होत्या. उंच, काटकुळ्या, पदर कायम खोचलेला. गळ्यात मोजायच्या फितीला बांधलेलं एक भिंग. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं कुणी विचारलं तर म्हणत, "वेळेवर बसायचं राहिलं," जणू एसटी चुकली होती. त्यांच्या दारावरून जाणाऱ्या माणसाच्या सदऱ्याची कॉलर उसवलेली दिसली तर त्या त्याला थांबवत आणि उभ्या उभ्या चार टाके घालून पाठवत. एकदा एका मामलेदाराला असं थांबवलं होतं. तो निमूट उभा राहिला. नंतर कळलं की त्याची बायको बाईंची विद्यार्थिनी.

पण बाईंचं खरं काम वेगळंच होतं.

आपल्याकडे जुन्या घरांत भिंतीवर काचेच्या चौकटीत बसवलेली भरतकामाची चित्रं असतात. राघू-मैना, गाय-वासरू, कमळातली लक्ष्मी, पिसारा फुलवलेला मोर. एके काळी मुलगी दाखवताना पोह्यांच्या आधी ही चित्रं पाहुण्यांपुढे येत. मुलीच्या हातात कला आहे, याचा तो पुरावा. लग्न झालं की चित्र मुलीबरोबर सासरी जाई. तिथं ते बाहेरच्या खोलीत टांगलं जाई आणि ते भरणारी आतल्या खोलीत जाई. पन्नास-साठ वर्षांनी चित्र तेवढं राहतं. ते कुणी भरलं, हे विचारलं तर घरचे म्हणतात, "आमच्या आजीनं." बाईंचं पुढचं वाक्य ठरलेलं असे.

"आजीला नाव नव्हतं का?"

बाई ही चित्रं विकत घेत नसत, मागून नेत नसत. चित्र त्याच भिंतीवर राहायला हवं, असा त्यांचा हट्ट. त्या फक्त चौकट उघडत, मागचा पुठ्ठा काढत, दाढीच्या मऊ ब्रशनं धूळ झाडत, कसर लागली असेल तर कडुनिंबाचा पाला ठेवत, आणि मांजरपाटाच्या पांढऱ्या पट्टीवर भरणारीचं नाव रंगीत दोऱ्यानं लिहून ती पट्टी पांढऱ्या दोऱ्यानं मागच्या बाजूला शिवत. माहेरचं नाव आधी, सासरचं नंतर. एवढं झालं की चित्र परत भिंतीवर.

आणि चित्र बघायच्या त्या मागूनच. "पुढची बाजू पाहुण्यांची, मागची घरच्यांची," असं त्यांचं म्हणणं. मागे गाठी कुठं आहेत, दोरा कुठं बदललाय, कुठं उसवून पुन्हा भरलंय, यावरून त्या सांगत: इथं हिला कुणीतरी हाक मारली. इथं तांबडा दोरा संपला आणि बरेच दिवस मिळाला नाही. मी एकदा म्हटलं, "बाई, मोबाईलवर सगळ्या चित्रांचे फोटो काढून ठेवूया का?"

"फोटोला मागची बाजू असते का?" बाई म्हणाल्या. विषय संपला.

माझ्याकडे वेल्ह्याच्या बाजूची गावं होती आणि एक स्कूटी होती. हे कळल्यावर बाईंनी मला विचारलं नाही, सांगितलं, "गुरुवारी मार्गासनीला जातेस ना? मी येते." त्यानंतर तीन वर्षं त्या माझ्या मागे बसल्या. पिशवीत भिंग, पेचकस, पकड, ब्रश, दोऱ्याची रिळं आणि साबणाच्या वडीत खोचलेल्या सुया. मी शेतात भाताची लागवड दाखवत असे, तोवर त्या गावातली घरं फिरत; काम आटोपलं की मीही त्यांना जाऊन मिळे.

वरवे बुद्रुकला एका घरी राघू-मैना होते. घरमालक म्हणाले, आमच्या आजीचं काम. नाव? आजीचं सासरचं नाव त्यांना आठवत होतं, माहेरचं नाही. तोवर चहा आला. बाईंनी कप हातात धरला नाही.

"आधी नाव."

"अवो बाई, गार हुईल."

"होऊ दे."

मग मोबाईल बाहेर निघाले. एक फोन पुण्याला, एक साताऱ्याकडे, एक कुणा मावशीला, तिला ऐकू येत नव्हतं म्हणून तिच्या नातवाला. शेवटी साताऱ्याकडून उलटा फोन आला आणि नाव कळलं. घरातली मोठी माणसं एकमेकांकडे बघत ते नाव दोन-तीनदा उच्चारून पाहत होती, नव्या बाळाचं नाव उच्चारतात तसं. बाईंनी तो गार चहा एका घोटात संपवला आणि सुई काढली.

दुसऱ्या एका घरी 'सुस्वागतम्' होतं. त्यातल्या शेवटच्या 'म्'ला जागा पुरली नव्हती, म्हणून तो खालच्या ओळीत एकटा उतरला होता. घरातली शिकलेली सून हसली. बाई तिच्याकडे वळून म्हणाल्या, "हिनं शाळा बघितलेली नाही. अक्षरं नक्षी म्हणून भरलीत. तू चिनी भाषेत स्वागत भरून दाखव, मग हस." सून ओशाळली. जाताना मात्र तिनंच बाईंच्या पिशवीत भोपळ्याची फोड घातली.

बाईंना कधीच कुणाचं चुकलेलं खपत नसे, आणि स्वतःचं काही चुकू शकतं हे तर त्यांना सुचतच नसे. स्वतःचं घड्याळ पुढे गेलं असेल तर त्या म्हणत, भोरची घड्याळं मागे आहेत.

मार्गासनीला रस्त्याच्या वरच्या अंगाला एक शेतकऱ्याचं घर होतं. त्या घरातल्या म्हातारीला सगळं गाव 'हरणवाली आक्का' म्हणायचं. ओसरीवरच्या भिंतीवर तिची हरणं होती: पाण्यावर आलेली दोन. एक वाकून पाणी पितंय, दुसऱ्यानं मान वर केलीय. मान वर केलेल्याच्या डोळ्यात एकच पांढरा टाका होता, आणि त्या एका टाक्यानं ते हरीण थेट आपल्याकडे बघायचं. मला भरतकामातलं काही कळत नाही. तरी मी पहिल्यांदा ते चित्र बघितलं तेव्हा युरियाचं काय सांगत होते ते विसरले होते.

आक्का अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, धिप्पाड, पंजे पुरुषासारखे. त्यांच्या सुनेनं चित्र उतरवून दिलं. बाईंनी मागचा पुठ्ठा काढला, भिंग लावलं, आणि बराच वेळ वर बघितलंच नाही.

"आक्का, दुसरं काही भरलं नाहीत?"

"न्हाई. म्या नवस बोलले व्हते. येकच भरायचं."

"बरं. जरा ही सुई धरा हं, मी दोरा तोडते."

आक्कांनी सुई उजव्या हातात धरली. खुरपं धरतात तशी, मुठीत. बाईंनी ती परत घेतली, पुठ्ठा बसवला, खिळे ठोकले.

"पट्टी पुढच्या खेपेला लावते. आज पांढरा दोरा आणायचा राहिला."

पिशवीत पांढऱ्या दोऱ्याची तीन रिळं होती. बाई खोटं बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं तर त्या स्कूटीवर बसेनात.

"डाव्या हाताचं काम आहे. उजव्या हाताची बाई देठ भरताना टाका एका अंगाला झोकते, डाव्या हाताची दुसऱ्या. हे सगळंच्या सगळं डाव्या हाताचं आहे." मग थोड्या वेळानं, "आणि इतकं चांगलं काम मी तीस वर्षांत एकाही मुलीकडून करून घेऊ शकले नाही."

"म्हणजे आक्कांनी..."

"आक्कांना गुंडीसुद्धा लावता येत नसणार. माहेर कुठलं त्यांचं?"

माहेर पाली. राजगडाच्या पायथ्याला. तिथं आक्कांचा एक धाकटा भाऊ होता, त्याला सगळे 'आबा' म्हणत. पुढच्या आठवड्यात मला पालीला काम निघालं, म्हणजे बाईंनी ते काढायला लावलं.

आबांचा मुलगा गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून द्यायचा. आबा ओट्यावर बसून त्या लोकांसाठी काठ्या तासत होते. चाकू डाव्या हातात. बाई त्यांच्यासमोर जाऊन बसल्या, दोन मिनिटं नुसता तो हात बघितला आणि म्हणाल्या, "मार्गासनीची हरणं तुम्ही भरलीत."

आबांनी चाकू खाली ठेवला. अंगणात मुलगा भांडी घासत होता, तिकडे पाहिलं.

"हळू बोला, बाई."

मग त्यांनी सांगितलं. बारा वर्षांचे असताना गुरांमागे जाताना गडाच्या वाटेवर पडले आणि पाय मोडला. पावसाळाभर घरात बसून. आक्काला त्या वेळी शाळेतल्या मास्तरांच्या बायकोकडे भरतकाम शिकायला धाडलं होतं, कारण स्थळं येत आणि 'पोरीच्या हातात कला काय?' म्हणून परत जात.

"आक्काच्या हातात जोर लई. रेशमाचा दोरा तिनं हातात घेतला की तुटायचा. रडायची. म्या म्हनलं, आन हिकडं. बसून बसून कटाळलो व्हतो. मास्तरीनबाईंनी हरणं काढून दिल्याली, म्या भरत ग्येलो. मार्गासनीची मानसं आली तवा आईनं तेच म्होरं ठिवलं. म्हनली, हिनं भरलंय. सासूला लई आवडलं. लगीन ठरलं."

"आणि तुम्ही गप्प."

"मंग काय करनार? पोरानं भरतकाम क्येलं म्हनल्यावर गावातल्या पोरांनी जगू दिलं असतं व्हय? आन आक्काचं तिथं सगळं त्याच्यावरच चाललं व्हतं. हरणवाली, हरणवाली."

"पुन्हा कधी भरलं नाहीत?"

"न्हाई." मग ते हसले. "बायको गोधडी शिवायची तवा जवळ बसायचो. टाका वाकडा ग्येला की सांगायचो. ती म्हनायची, तुमाला काय कळतंय त्यातलं."

बाईंनी पिशवीतून मांजरपाटाची पट्टी काढून मांडीवर ठेवली. "मला नाव शिवायचंय. तुमचं शिवते."

"न्हाई. आक्काचंच लावा."

"मी खोटं शिवत नाही."

"मंग लावूच नका."

"बिननावाचं मी ठेवत नाही."

दोघंही सारखेच हट्टी. मधे ती पट्टी. शेवटी बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मी आपणहून कुणाला सांगणार नाही. पण तुमच्या हातून सुई गेली ती गेलीच, निदान नाव तरी जाऊ नये, असं मला वाटतं." आम्ही निघालो तेव्हा आबा डावा पंजा उलटसुलट करून बघत होते.

त्या आठवड्यात बाईंचं कशात लक्ष नव्हतं. आमटीत दोनदा मीठ पडलं. मला म्हणाल्या, "शेतकी, त्या म्हातारीचं उतारवयात हसं झालं तर ते माझ्यामुळे." मी म्हटलं, तुम्ही तर काहीच बोलला नाहीत. "मी बघितलं ना," त्या म्हणाल्या. "मी बघितलं नसतं तर चाललं असतं."

मग आक्कांचाच फोन आला. गुरुवारी या, पांढरा दोरा घेऊन या.

आम्ही गेलो तर ओसरीवर आबा बसलेले. बहिणीशी फोनवर आधीच सगळं बोलून, पालीहून सकाळच्याच एसटीनं आले होते. आक्कांनी सुनेला हाक मारली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भिंतीकडे बघत, कुणाकडेही न बघता, सगळं सांगून टाकलं. हरणं माझी न्हाईत. ह्याची हायेत. नवस म्या खोटाच सांगितला. साठ वरसं ह्याच्या जिवावर मिरावले. सूनबाई, आता तुला काय म्हनायचं ते म्हन.

सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"आत्याबाई," सून म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"मामंजींनी सांगितलं व्हतं. म्या नवी आले तवाच. म्हनले, तुज्या सासूला सुई-दोऱ्याचं काम सांगू नको, तिला येत न्हाई. आन ह्ये घरात कुनाला बोलू नको."

मामंजी म्हणजे आक्कांचे नवरे. त्यांना जाऊन काही वर्षं झाली होती.

आक्का हळूच खाली बसल्या. "त्येंला ठावं व्हतं?"

"पयल्या वरसापासनं. तुमी त्येंच्या सदऱ्याला गुंडी लावली, तर बाहीला बाहीच शिवून टाकलीत म्हनं. त्येंनी रानात जाऊन उसवली आन गप घालून आले. मला सांगताना डोळ्यांत पानी येस्तवर हसत व्हते."

आक्का पदराआड गेल्या. रडतायत की काय म्हणून आबा पुढे सरकले. पण आक्का हसत होत्या, सगळं अंग हलवत, आणि मधेच म्हणत होत्या, "सासूनं दुसरं भरायला सांगितलं की ह्येच म्हनायचे, नवस हाय तिचा, मोडू नये. ह्येच म्हनायचे गं!"

बाईंनी तिथंच पट्टी भरायला घेतली. आबांचं नाव भरून झाल्यावर त्या थोड्या थबकल्या. पट्टीची अर्धी जागा मोकळी राहिली होती. बायकांची दोन-दोन नावं भरायची त्यांना सवय. "पुरुषांचं बरं आहे," त्या म्हणाल्या. "एकाच नावात भागतं."

"मोकळी ठिवू नका," आक्का म्हणाल्या. "भनीसाठी, असं लिवा."

बाईंनी तसं लिहिलं. 'भनीसाठी'च लिहिलं, 'बहिणीसाठी' केलं नाही. नाव वाचून आबांनी पट्टीवरून अंगठा फिरवला आणि मग, अगदी हळू आवाजात, बाईंना सांगितलं की 'ठी'ची वेलांटी जरा सैल पडलीय. बाईंनी भिंग लावून बघितलं, ती वेलांटी उसवली आणि पुन्हा भरली.

एरवी परत येताना बाई मागे बसून माझ्या गाडी चालवण्यावर टीका करत. त्या दिवशी नसरापूर गेलं, तरी वळणांवरून नाही, खड्ड्यांवरून नाही, कशावरूनच टीका नाही. भोरमध्ये शिरल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"बाजारपेठेत थांब."

तिथं एक ब्लाउज शिवायचं दुकान होतं. चालवणारी पन्नाशीची बाई. तिनं बाईंना बघून मशीन थांबवलं आणि उभी राहिली. बाईंच्या सगळ्याच जुन्या विद्यार्थिनी अशा उभ्या राहत.

"बस," बाई म्हणाल्या. "तू डावखुरी होतीस."

"होते म्हणजे? आहे की."

"मी तुझा डावा हात बांधून ठेवायचे."

"रुमालानं," ती म्हणाली. "बाकाला." आवाजात राग नव्हता. आठवण काढावी तसं म्हणाली.

"माझं चुकलं ते."

मी दुकानाच्या पायरीवर होते. हे शब्द मी बाईंच्या तोंडून तीन वर्षांत ऐकले नव्हते, आणि त्या दुकानदारणीनं तर चाळीस वर्षांत. ती आधी गोंधळली आणि मग हसू लागली.

"अहो बाई, घरी मी डाव्यानंच करायचे! उजव्यानं फक्त तुमच्यासमोर. घरून आणलेल्या कामाला तुम्ही पंचवीसपैकी चोवीस द्यायचात, आणि वर्गातल्याला नऊ."

"मला वाटायचं, आई करून देते."

"माहितीये. तुम्ही आईला शाळेत बोलावून घेतलं होतंत."

"हो. बोलले मी त्यांना. त्या काहीच म्हणाल्या नाहीत."

"काय म्हणणार? तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही. घरी येऊन हसत सुटली. म्हणाली, मला इतकं छान येतं असं तुझ्या बाईंना वाटतंय, वाटू दे!"

बाई हसल्या नाहीत. कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्या तिच्या अगदी समोर बसल्या, भिंग पुसलं आणि डोळ्याला लावलं.

"आता कर."

"काय?"

"टाका घाल. डाव्यानं. माझ्यासमोर."

तिनं समोरचा एक ब्लाउज उचलला, तुरपाईला घेतला. सुई डाव्या हातात धरताना पहिल्यांदा जरा अडखळली. मग टाके पडू लागले, बारीक, एकसारखे, झरझर. बाई पुढे वाकल्या. दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि माझा ब्लाउज झाला का, असं विचारू लागलं.

बाईंनी मागे न बघता हात वर केला.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "तास चालू आहे."